अभिमनच्या बारीचं पाणी

सावदा,
९ फेब्रुवारी १९७०

चि. लीलाधरास अक्काचे आशीर्वाद, आणि सोबत एक डबा.

डबा उघडशील तेव्हा नाक मुरडू नकोस. त्यात खाऊ नाही, चिखल आहे, आणि चिखलात केळीची मुळं आहेत. गावातले एक जण कोर्टाच्या कामाला धुळ्याला निघालेत, त्यांच्या हाती पाठवते आहे. तू कॉलेजात पोरांना भिंगाच्या नळीतून कांद्याची सालपटं दाखवतोस आणि त्याचा तुला पगार मिळतो, यावर आपल्या आईचा अजून विश्वास बसलेला नाही. आता ती नळी जरा बहिणीच्या कामाला लाव.

आमचा विहिरीकडचा तुकडा तू संक्रांतीला पाहिला होतास. तिथल्या केळी निसवायला आल्या होत्या, महिनाभरात घड बाहेर पडले असते. गेल्या आठवड्यात त्यांनी माना टाकल्या. आळ्यांत पाणी उभं आहे आणि पानांच्या कडा करपत चालल्या आहेत, खोडं हाताला मऊ लागतात. पाण्यात उभं असलेलं झाड वाळतं कसं, हे इथं कुणालाच सांगता येत नाही.

यांना मात्र सांगता येतं. हे चाळीसगावला लग्नाला गेले होते. परत आले ते घरी न येता थेट मळ्यात गेले, झाडं बघितली आणि म्हणाले, "अभिमननं इख टाकलं." अभिमन म्हणजे यांचा चुलतभाऊ. विहीर दोघांच्या सामाईकीतली, एक दिवस त्याच्या पाण्याची बारी, एक दिवस आमची. त्या बारीवरून दोघांचं कायम वाकडं. दिवाळीत यांनी फावड्याच्या दांड्यानं त्याचे पुढचे दात पाडले, ते तुला मी कळवलं नव्हतं.

या वेळी आधी पुनाची पाळी आली. पुना आमचा सालदार, राखणीला तो असायला हवा होता. त्याला गोठ्याच्या खांबाला बांधलं आणि बैलाच्या कासऱ्यानं मारलं. माणूस तापानं फणफणलेला, पाठीची सालटी निघाली. "मालक, मी तं घरी निजेल होतो," एवढंच म्हणत राहिला. मी मध्ये पडले नाही.

आता हे म्हणतात, विष आहे असं एकदा नक्की कळू दे, मग अभिमनला त्याच विहिरीवर खांडतो. हे बोलतात ते करतात. म्हणून मुळांत काय आहे ते लौकर कळव, आणि मला कळव. पोस्टमन पत्र माझ्याच हातात देतो.

अक्का

&nbsp;

धुळे,
१३ फेब्रुवारी १९७०

अक्काच्या पायांशी लीलाधरचा नमस्कार.

तुझा डबा प्रयोगशाळेत उघडला आणि पुढच्या बाकावरची पोरं उठून मागं गेली. मुळं न धुता मातीसकट पाठवलीस हे फार बरं केलंस. धुतली असतीस तर मला काहीच दिसलं नसतं.

आता मी मास्तरकी करणार आहे, ती सहन कर. तू, मी, केळ आणि आमचे पाव्हणे चुडामणराव, सगळे लहान लहान खोल्यांचे बनलेले आहोत. एका खोलीला पेशी म्हणायचं. झाडाच्या पेशीला बाहेरून ताठ भिंत असते आणि भिंतीच्या आत एक नाजूक पिशवी. पिशवीत पाणी, आणि पाण्यात साखर, क्षार, प्रथिनं असं बरंच काही. पिशवी भरलेली असली की ती भिंतीला आतून रेटून धरते. केळीत लाकूड नसतं, ती बहुतेक या रेट्यावरच उभी असते. या पिशवीचं कातडं मोठं चोखंदळ आहे. पाण्याला ते येऊ-जाऊ देतं, पाण्यात विरघळलेल्या गोष्टींना सहजी सोडत नाही. मग होतं काय, की ज्या बाजूला विरघळलेलं जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. तू लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवतेस, थोड्या वेळानं पातेल्यात पाणी सुटतं. ते तू ओतलेलं नसतं. मिठानं ते फोडींच्या पेशींतून बाहेर काढलेलं असतं.

तुझ्या केळींचं तेच झालं आहे. वस्तऱ्यानं मुळाचा पापुद्रा काढून बघितला, तर सगळ्या पिशव्या भिंती सोडून आत आक्रसलेल्या. मुळाच्या बाहेर मातीत इतकं काही विरघळलेलं होतं की झाडाला पाणी पिता तर आलंच नाही, उलट अंगातलं होतं ते गेलं. आळ्यात पाणी असून झाड तहानेनं मेलं.

मग पानाच्या डब्यातला चुना घेतला, तुझा चिखल त्यात तळहातावर चोळला आणि हुंगला. नाकातून डोक्यापर्यंत झिणझिणी गेली. तो अमोनियाचा वास. म्हणजे तुझ्या मातीत सल्फेट आहे, सोसायटीत मिळतं ते पांढरं खत, आणि ते मापाच्या कितीतरी बाहेर आहे. विष नाही आणि वैरीही नाही. पाव्हण्यांनी हौसेनं जरा हात सैल सोडला, एवढंच. त्यांना हे पत्र वाचून दाखव, थोडी चेष्टा कर, आणि पुनाला औषधपाणी करायला लाव.

सगळी झाडं मेलेली नाहीत. त्याच पापुद्र्यावर मी साध्या पाण्याचा थेंब सोडला, तेव्हा काही पिशव्या हळूहळू फुगून पुन्हा भिंतीला लागल्या. त्या जिवंत आहेत. आळी फोडा आणि पाणी वाहतं ठेवा, दिवसामागून दिवस, म्हणजे खत धुऊन जाईल. त्याला तुमची एकट्याची बारी पुरणार नाही, अभिमनची बारीही लागेल. तेव्हा त्याच्याशी जरा गोड बोला.

लीलाधर

&nbsp;

सावदा,
१९ फेब्रुवारी १९७०

चि. लीलाधरास आशीर्वाद.

तुझं पत्र पाठ होईपर्यंत वाचलं आणि चुलीत घातलं. यांना दाखवलं नाही. खत यांनी दिलेलं नाही, मी दिलं.

हे लग्नाला गेले, पुना तापानं पडला. जाताना सांगून गेले होते की विहिरीकडच्या केळींना पेंड द्या. एरंडीची पेंड आम्ही नेहमी झाडाला अर्धी टोपली देतो. कोठीत बघितलं तर पेंड संपलेली, आणि सल्फेटच्या नव्या गोण्या भिंतीला लावलेल्या. मला वाटलं, पेंडीपेक्षा महागाचं आहे, तर चांगलंच असेल. तीच टोपली घेतली आणि त्याच मापानं झाडाझाडाला घालत गेले. परत आल्यावर हे बघतील आणि काहीतरी बरं बोलतील, असं मनात होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी अजून असं मनात येतं.

खत घातलं पण पाणी कुठून द्यायचं? त्या दिवशी बारी अभिमनची. मी बांधावर उभी राहून प्रमिलाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारली. अभिमननं काही न विचारता पाट आमच्याकडे वळवला. ओठ आत गेलेल्या तोंडानं हसला सुद्धा. त्या पाण्यात ते खत विरघळलं. हे मी कुणाला बोलले नाही.

तू म्हणशील सांगून टाक. तू यांना जेवायच्या पाटावर बघतोस, पाव्हणे म्हणून चेष्टा करतोस. दोन वर्षांपूर्वी माझं मनगट मोडलं ते तुम्हाला विहिरीवर घसरले म्हणून कळवलं होतं. मी घसरले नव्हते. म्हशीच्या पायाखाली दुधाची चरवी लवंडली होती. चरवीचं एवढं, तर अख्ख्या तुकड्याचं काय होईल ते तूच बघ.

आणि आता थांबायची वेळही गेली आहे. मंगळवारी अभिमनची माणसं बाजारात होती, तेव्हा हे कोयता घेऊन त्याच्या मळ्यात शिरले. निसवलेल्या केळी, घड लटकलेले. एकेका घावाला एकेक खोड आडवं. केळीला कापलं की ती पाणी सोडते, सगळ्या सरींतून चिकाचा ओहोळ झाला. हे घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, कपड्यांवर काळे डाग, आणि अंगणात बसून भाकर खाल्ली. संध्याकाळी अभिमनच्या लोकांनी आमच्या घरावर दगडफेक केली. माझ्या कपाळाला एक लागला. फार नाही.

माझं एक काम कर. केळीला रोग पडला आहे असं यांना लिहून पाठव. तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील. नाहीतर यातून कुणाचा तरी जीव जाणार.

अक्का

&nbsp;

धुळे,
२२ फेब्रुवारी १९७०

अक्का,

मनगटाचं वाचलं आणि माझ्या हातून दिवसभर काही काम झालं नाही. तू तेव्हा हात गळ्यात बांधून माहेरी आली होतीस आणि मी तुला म्हटलं होतं, जरा खाली बघून चालत जा. मला माझीच लाज वाटते.

रोग पडला असं लिहिता येणार नाही. उद्या शेतकी खात्याचा माणूस येऊन मुळं बघेल आणि खोटं उघडं पडेल. खत आहे हे खरं लिहायला हवं, फक्त देणारा हात बदलायला हवा. तो मी बदलला आहे. आज पाव्हण्यांच्या नावानं वेगळं पत्र टाकलं. त्यात लिहिलं आहे की तुम्ही चाळीसगावला होता तेव्हा मी सावद्याला येऊन गेलो, कॉलेजच्या प्रयोगासाठी म्हणून मी स्वतःच्या हातानं विहिरीकडच्या केळींना सल्फेट घातलं, अक्का नको म्हणत होती, माझा अंदाज चुकला, नुकसान मी भरून देईन. पुना घरी पडून होता, तेव्हा मी आलो होतो की नाही हे सांगणारं कुणी नाही.

रागावतील तर माझ्यावर रागावतील. फार तर पुढची दोन-चार वर्षं मला जेवायला बोलावणार नाहीत, आणि तुमच्याकडच्या तिखट शेवभाजीवाचून मी काही मरत नाही. तू मात्र काहीतरी निमित्त काढून माहेरी निघून ये. आईला बरं नाही असं सांग.

लीलाधर

&nbsp;

सावदा,
२७ फेब्रुवारी १९७०

चि. लीलाधर,

तुझं पत्र यांना पोचलं. ओसरीवर बसून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि काही बोलले नाहीत. जेवताना मला एवढंच विचारलं, "त्या दिवशी पाणी कोनाच्या बारीचं होतं?" मी म्हटलं, मला आठवत नाही. मग बाहेर जाऊन कुणाकुणाशी बोलून आले.

आज सकाळी एस.टी.नं जळगावला जातो म्हणून निघाले. लीलाधर, हे शिव्या देतात तेव्हा मला एवढी भीती वाटत नाही. गप्प बसले की वाटते. हे कार्ड पोस्टाच्या दारात उभं राहून लिहिते आहे.

अक्का

&nbsp;

धुळे,
४ मार्च १९७०

अक्का,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हातानं लिहितो आहे, म्हणून थोडक्यात.

पाव्हणे जळगावला गेले नव्हते. तुझं कार्ड मला मिळायच्या आत ते माझ्या प्रयोगशाळेत उभे होते. पोरं गेलेली, मी एकटाच भिंगं पुसत बसलो होतो. आत येऊन त्यांनी दाराला कडी लावली. मी या म्हटलं, स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत. म्हणाले, "कोन्या हातानं घातलं खत?"

मला वाटलं चेष्टा आहे. मी उजवा हात वर करून दाखवला. त्यांनी तो मनगटाशी धरून टेबलावर आडवा केला आणि शेजारचा लोखंडी स्टँड उचलून त्यावर मारला. पहिल्या घावाला मला आवाज आला, दुखायला लागलं ते नंतर. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. मग त्यांनी भिंगाची नळी उचलून भिंतीवर फेकली. शिपाई दार ठोकत होता तोवर ते माझ्याजवळ बसून सावकाश बोलले, आणि तेच तुला कळवायचं आहे.

म्हणाले, "खत तू घातलं, पानी त्यानं दिलं. म्हंजे तुमी दोघं मिळेल होते. माही बायकोबी मिळेल होती." मी सांगितलं की अभिमनला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली, जसं काही मी त्यांचंच म्हणणं कबूल केलं. माझ्या खोट्यानं अभिमन सुटला नाही, अक्का, जास्तच अडकला. आधी तो एकटा वैरी होता, आता आपण तिघं आहोत.

हाताची तीन हाडं मोडली, प्लास्टर घातलं आहे. पोलिसात मी पडलो म्हणून सांगितलं, कारण त्यांना धरलं असतं आणि दोन दिवसांत सोडलं असतं, आणि मग ते तुझ्याकडेच आले असते. आता हे वाचलंस की निघ. कुणाला काही समजावू नकोस आणि खरं सांगायच्या भानगडीत तर पडूच नकोस. खऱ्याचा काही उपयोग होईल असं त्यांच्याकडे बघून मला वाटलं नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी निघ.

लीलाधर

&nbsp;

जळगाव, सरकारी दवाखाना,
१४ मार्च १९७०

चि. लीलाधरास अक्काचे आशीर्वाद.

तुझं डाव्या हाताचं पत्र मला मिळालं, पण इथं, प्रमिलाबाईनं आणून दिलं तेव्हा. आता डाव्या हातावरून तू मला हसवू नकोस, हसलं की बरगड्या दुखतात. माझा एक डोळा मिटलेला आहे, पेन्सिलीनं दोन दिवस थांबत थांबत लिहिते आहे.

हे धुळ्याहून आले ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी उंबऱ्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावायला लागले. अभिमन विहिरीवर मोटर दुरुस्त करत होता, आमच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. प्रमिलाबाई त्याच्या शेजारी बसून भाकरी सोडत होती. मी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, "आधी तो. मंग धुळं. मंग तू." भाजी आणायला निघाल्यासारखं म्हणाले.

तू लिहिलं होतंस की पाणी जिकडे जास्त विरघळलेलं असेल तिकडे ओढलं जातं. ते पत्र जाळलं तरी मला पाठ आहे. मला वाटलं, रागाचंही तसंच असणार. अभिमनकडे निघालेला राग थांबवता येणार नाही, पण त्याच्याहून मोठं काहीतरी माझ्याकडे असलं तर तो इकडे वळेल. आणि माझ्याकडे ते होतं. तू म्हणालास की खऱ्याचा उपयोग होणार नाही. समजूत पटवायला झाला नसता, बरोबर. मला समजूत पटवायचीच नव्हती.

हे विहिरीच्या वाटेला लागले तेव्हा मी मागं धावले आणि ओरडले. घाबरले की मी आपल्या माहेरची बोलते, तुला माहीत आहे. म्हटलं, "इख नही शे ते. सल्फेट शे. ना अभिमननी टाकं, ना लीलाधरनी. बठ्ठं मीच करं. टोपलीघाई मी दिन्हं, आन् तुमनाशी दपाडं." हे थांबले. अभिमनही वळून बघायला लागला. हे म्हणाले, "पुन्हा बोल." मी पुन्हा बोलले, खत मीच दिलं आणि तुमच्यापासून मीच लपवलं.

मग ते माझ्याकडे आले. कुऱ्हाडीची बोथट बाजू वापरली, म्हणून मी आहे. गळ्याखालचं हाड, डावीकडच्या बरगड्या, तोंडात किती दात राहिले ते मी अजून जिभेनं मोजत नाही. पडल्यावर केस धरून पाटापर्यंत ओढत नेलं आणि तोंड पाण्यात दाबून धरलं. पाण्यात मला खताचा नाही, काही वेगळाच वास येत होता, माझ्या रक्ताचा असेल. मोटर खोलायचा लोखंडी पाना हाती घेऊन अभिमन आला आणि यांच्या गुडघ्यावर घातला. एकदा नाही घातला. प्रमिलाबाई सांगते की तो रडत रडत मारत होता, आणि शेवटी तिनंच त्याला मागं ओढलं, नाहीतर यांचा जीव गेला असता. पुना कुठून आला ते मला कळलं नाही. त्यानं मला उचलून बैलगाडीत घातलं. ज्या पाठीवर कासऱ्याचे वण आहेत त्या पाठीवर मला घेतलं.

इथं माझ्या हाताला सुई टोचून बाटली लावली आहे. मी नर्सबाईंना विचारलं, हे काय आहे? म्हणाल्या, मिठाचं पाणी. मी सुई उपटायला गेले. मिठानं केळी मारल्या, आता मला मारता काय, असं मी बोलले म्हणे. त्या हसल्या. पण मला अजून नीट कळलेलं नाही. सांग.

हवालदार आला होता. जबाब लिहून घेतला. घडलं तसं सांगितलं आणि सही केली. हे पलीकडच्या वॉर्डात आहेत, पाय लाकडात बांधलेला, दारात पोलीस.

अक्का

&nbsp;

धुळे,
१८ मार्च १९७०

अक्का,

आधी बाटलीचं सांगतो, कारण तेवढंच मला नीट सांगता येतं. तुझ्या रक्तातही पेशी आहेत, पण त्यांना झाडासारखी भिंत नाही, नुसती पिशवी. बाहेर मीठ जास्त झालं तर त्या आक्रसतात. उलट नुसतं साधं पाणी शिरेत गेलं तर आत ओढलं जाऊन त्या फुगतात आणि धरायला भिंत नसल्यामुळे फुटतात. म्हणून बाटलीत अगदी तुझ्या रक्ताला बसेल इतकंच मीठ घालतात. ना पाणी आत ओढलं जात, ना बाहेर. सुई उपटू नकोस.

आता दुसरं. काल तुमच्या गावची चार वडीलधारी मंडळी माझ्याकडे येऊन गेली. म्हणाले, भाऊबंदकीतलं प्रकरण आहे, कोर्टात गेलं तर दोन्ही घरं बुडतील, अभिमनवरही गुडघ्याची केस होईल. अक्कानं जबाब फिरवावा, पाटाच्या दगडांवर पडले म्हणावं. मग चुडामण लेखी सोडचिठ्ठी देईल आणि तिच्या वाटेला जाणार नाही. मी त्यांना शिव्या द्यायला हव्या होत्या. पण रात्रभर विचार केला आणि वाटलं, तू जिवंत सुटतेस तर काय वाईट आहे? आईचंही तेच म्हणणं आहे. खोली साफ करून ठेवली आहे. रविवारी मी गाडी घेऊन येतो आणि तुला कायमचं घेऊन जातो. तेवढी सही कर.

लीलाधर

&nbsp;

जळगाव, सरकारी दवाखाना,
२४ मार्च १९७०

चि. लीलाधरास अक्काचे आशीर्वाद.

रविवारी आलास, मी झोपेचं सोंग घेतलं आणि तू उशाशी बसून परत गेलास. तोंडावर बोलले असते तर तू मला वळवलं असतंस. तुझ्या मोडलेल्या हाताकडे बघून मी कशालाही हो म्हटलं असतं, म्हणून लिहिते आहे.

जबाब फिरवणार नाही. तुला राग येईल, येऊ दे. ती चार मंडळी माझ्याकडेही आली होती. पुनाला बांधून मारलं तेव्हा, अभिमनचे दात गेले तेव्हा ही मंडळी कुठं होती, ते मी त्यांना विचारलं. अभिमनवर केस झाली तर मी त्याच्या बाजूनं कोर्टात उभी राहीन, हेही सांगितलं. एक जण म्हणाले, बाईमाणसानं असं बोलू नये. मी म्हटलं, मग उठा, माझी औषधाची वेळ झाली.

आणि मी धुळ्याला येत नाही. तुझी खोली तुलाच राहू दे. परवा प्रमिलाबाई सांगत होती की अभिमन गेले पंधरा दिवस स्वतःच्या बारीचं पाणी आमच्या तुकड्यातून वाहतं ठेवतो आहे. मी त्याला सांगायला गेले नव्हते, तुझ्या पत्रातलं मी तिला बोलून दाखवलं होतं, तेवढंच. त्याच्या स्वतःच्या केळी कापून पडलेल्या, आणि हा माणूस आमच्या धुतो आहे. विहिरीकडच्या दोन ओळी गेल्या. बाकीच्यांनी नवी पानं काढली आहेत म्हणे. त्या मला बघायच्या आहेत. घड धरले तर त्यातले निम्मे अभिमनच्या घरी जातील, हे मी ठरवलं आहे, आणि यावर कुणाशी बोलणार नाही.

पुना काल भेटायला आला. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी बोलले असते तर तुझी पाठ वाचली असती. तो खाली बघत बसला. मग उठताना विचारलं, "अक्का, त्या गेलेल्या दोन ओळींमंदी काय पेरायचं?" म्हणजे तो कामावर येणार आहे.

उद्या मला घरी सोडतात. वकील येऊन सांगून गेला की यांना सोमवारी जामीन मिळेल, आणि घर यांच्या वडिलांच्या नावावर आहे हे विसरू नका. विसरले नाही. काठी टेकत ते दारात येतील, आधी गोड बोलतील, मग ठोकतील. मी आतून कडी लावून बसलेली असेन. प्रमिलाबाईनं हाक मारली तर उघडीन. पुना आला तर उघडीन. तू आलास तर धावत येऊन उघडीन. त्यांना उघडणार नाही.

अक्का